दुधीची रात्रपाळी

आमच्या सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत दुधीचा वेल आहे. पंधरा दिवस त्याला रोज फुलं यायची आणि गळायची. आई म्हणायची, "नुसता फुलतोय मेला, धरत काही नाही." हे ती वेलाकडे बघून म्हणायची की माझ्याकडे, ते मी विचारलं नाही.

मग चौकशी केली. आधी येतात ती लांब देठाची नरफुलं. मादीफूल मागाहून येतं, बुडाशी बोटाएवढा लवदार दुधी घेऊनच. पराग मिळाला तर तो धरतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. शिवाय दुधी फुलतो संध्याकाळी. मधमाश्या घरी गेल्या की हे दुकान उघडणार, कारण गिऱ्हाईक म्हणजे रात्रीचे पतंग. आणि आमच्याकडे नेमका तेव्हाच डासांसाठी कडुनिंबाचा धूर! पतंग येतोय कशाला?

तेव्हा त्याच्या जागी बदली कामगार म्हणून मी रुजू झालो. नरफुलाच्या पाकळ्या सोलायच्या आणि परागकोश मादीफुलाच्या कुक्षीवर फिरवायचा, की झालं. पण ज्या संध्याकाळी मादीफूल उमललं, त्या संध्याकाळी नरफूल एकही नाही! शेवटी वॉचमनकाकांच्या कुंपणावरच्या वेलाचं मागून आणलं. लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "पूजेला का?"

"नाही, दुधीला."

त्यानंतर त्या माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढत नाहीत.

दुधी धरला, पण एका बाजूला ढब्बू, दुसऱ्या बाजूला खंगलेला. एकेका बीला स्वतःचा परागकण लागतो. मी हात आखडता घेतला होता. रियुनियन बेटावर 1841 साली एडमंड अल्बियस नावाच्या 12 वर्षांच्या गुलाम मुलानं व्हॅनिलाच्या फुलाचं हेच काम काडीनं आणि अंगठ्यानं करून दाखवलं, हे मी कौतुकानं घरी सांगितलं. आई म्हणाली, "बारा वर्षांच्या पोराला जमलं ते!"

परवा मात्र खराखुरा पतंग आला. चांगला तळहाताएवढा. गॅलरी ओलांडून थेट हॉलमध्ये, ट्यूबलाइटभोवती घिरट्या. मुलं किंचाळली, बायकोनं झाडू उचलला. मी धावत जाऊन मेन स्विचच बंद केला. म्हटलं, अंधार झाला की जाईल बिचारा कामावर.

एरवी "काय दिवे लावलेस?" म्हणणारी आई अंधारातून ओरडली, "अरे, दिवे का घालवलेस?"