टेपने दोनदा निघाली, तिसऱ्यांदा का निघेना? : अथणीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सापाच्या डोळ्यावर अडकलेल्या कातीबद्दलच्या लेखावर तुम्ही सडकून लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तुमच्या बॉल पायथनच्या (आफ्रिकेतल्या छोट्या अजगराच्या) डोळ्यावरची आय कॅप, म्हणजे डोळ्यावर राहिलेला कातीचा पापुद्रा, तुम्ही दोनदा सेलोटेपने काढलीत, काही बिघडलं नाही. आता तिसऱ्यांदा उजवा डोळा चुरगळल्यासारखा दिसतोय, टेप लावली तरी काहीच निघत नाही, आणि मी ‘ओलावा द्या, पुढच्या कातीपर्यंत थांबा’ म्हणून हात झटकतो. वर असे लेख लिहून मी लोकांना साप पाळायला चढवतो.

एक चूक आधी कबूल करतो. ‘ओलावा वाढवा’ एवढं लिहून मी पुढे गेलो. किती, कसा, ते लिहिलंच नाही. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे साप ठेवायच्या टबात बुरशी येईल याची काळजी. तुमच्याकडे एप्रिलात ओला टॉवेल बघता बघता कडक होतो. दोघांना एकच सल्ला देऊन भागत नाही.

आता टेपचं. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवलं असतं आणि प्रत्येक कातीबरोबर त्याचा वरचा पापुद्रा निघतो. (आपल्या भागातल्या कन्नडमध्ये कातीलाही ‘पोरे’ आणि मोतीबिंदूलाही ‘पोरे’च म्हणतात, या दुखण्याला याहून नेमका शब्द सापडायचा नाही.) कातीच्या आधी डोळे निळसर-दुधी होतात, कारण जुना आणि नवा थर यांच्यामध्ये द्रव साचून दोन्ही सुटे होत असतात. हा द्रव कमी पडला किंवा कात सुटण्याआधीच सुकली, की जुना पापुद्रा डोळ्यावर राहतो. त्याच्याखाली असतं ते नवं खवलं. ते जिवंत असतं, त्यात रक्तवाहिन्या असतात. त्याच्याही खाली अश्रूंचा पातळ थर आणि मग बुबुळ. टेपला किंवा चिमट्याला जुना पापुद्रा कुठला आणि जिवंत खवलं कुठलं हे कळत नाही. खवलं फाटलं की अश्रू वाहून जातात, बुबुळ उघडं पडून सुकतं, जंतू शिरतात आणि बहुतेक वेळा डोळा जातो. तुमचं दोनदा निभावलं, कारण पापुद्र्याची कड बहुधा आधीच सुटलेली असावी. तशी कॅप ओल्या फडक्यानेही निघते.

तीन काती ओळीने अडकतात, तेव्हा खोट डोळ्यात नसते, टबातल्या हवेत असते. थंडीच्या रात्री बेळगावात पारा 15 अंशांवर उतरतो. खोलीत आर्द्रता 70 टक्के असली, तरी तीच हवा टबात 30 अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता 28 टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढंच असतं, गरम हवेची तहान वाढलेली असते. म्हणून आर्द्रता मोजायचं मीटर भिंतीवर नको, टबात साप जिथे बसतो तिथे हवा. स्वस्तातले मीटर दहा-पंधरा टक्के सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, मीटरसकट झिप-पिशवीत बंद करून बारा तास ठेवा. 75 दाखवायला हवं. 65 दाखवलं तर पुढे प्रत्येक आकड्यात दहा मिळवा.

बॉल पायथनला एरवी 55-60 टक्के आणि डोळे दुधी झाल्यापासून कात पडेपर्यंत 65-70 टक्के ठेवा. सगळा टब ओला करू नका, पोटाची खवली सडतात. एक कोपरा ओला पुरे. खानापूरकडचं साधं, बिनपॉलिशचं मडकं घ्या, साप शिरेल एवढं तोंड फोडून कड घासून गुळगुळीत करा, आत भिजवून पिळून काढलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) भरा. मुठीत दाबल्यावर थेंब गळू नये, पण गोळा व्हावा. मडकं उबेच्या बाजूला ठेवा आणि कोकोपीट आठवड्याने बदला.

डोळ्याला हात लावण्याआधी कात तपासा. मोजा उलटा निघावा तशी ती उलटी निघते. डोक्याकडचा चुरगळलेला भाग पाण्यात भिजवून बोटावर हळूच उलगडा. डोळ्यांच्या जागी दोन गोल, वाटीसारख्या, काचेसारख्या टिकल्या दिसल्या तर दोन्ही कॅप निघाल्या आहेत. टिकलीऐवजी भोक असेल तरच कॅप अडकलेली आहे.

अडकलीच असेल तर झाकणाच्या डब्याला आठ-दहा भोकं पाडा. 28-30 अंशांच्या पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल आत ठेवा, त्यावर साप, पाऊण तास. डबा उन्हात ठेवू नका. जेवणानंतर 48 तास हा प्रकार नको, खाल्लेलं ओकून टाकतो. नंतर ओला टॉवेल हातात सैल धरून त्यातून सापाला स्वतःहून सरकू द्या. बहुतेक कॅप इथेच सुटतात. नाहीच सुटली तर ओला कापसाचा बड नाकाकडच्या कोपऱ्यातून मागे, दोन-तीनदा नुसता फिरवा. कड उचलली नाही तर थांबा. असं तीन-चार दिवस, मग बंद. पुढच्या कातीला जुनी कॅप बहुधा नव्यासोबत जाते. त्याही कातीला राहिली तर मात्र साप पाहणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. गाई-म्हशींचे चांगले डॉक्टर आपल्याकडे आहेत, पण सापाचा डोळा हाताळलाय का, हे फोनवर आधी विचारा. खोबरेल, तूप लावू नका. धूळ चिकटते आणि कड दिसेनाशी होते. माणसाची अँटिबायोटिक ड्रॉप्सही वाया जातात, शाबूत खवल्यातून ती आत पोचत नाहीत.

साप पाळायला चढवण्याबद्दल : नाग, धामण, मांडूळ, आपला अजगर, यातलं काहीही घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हा आहे. शेतात सापडलेल्या सापाची कात अडकलेली दिसली तरी वनखात्यालाच कळवायचं. बॉल पायथन परदेशी, पण 2024 च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. तुमची नसेल तर आधी ते बघा.

आणि तुमचा उजवा डोळा. टेपला काहीच लागत नाही, म्हणजे बहुधा तिथे काढण्यासारखं काही नाहीच. अडकलेली कॅप निस्तेज, चंदेरी दिसते. टॉर्च बाजूने मारला की कड दिसते. डोळा स्वच्छ आहे पण खळगा पडलाय, उशीवर बोट दाबल्यासारखा, तर शरीरात पाणी कमी आहे. बॉल पायथनमध्ये हे फार दिसतं. अंग बुडेल एवढं रुंद पाण्याचं भांडं आणि वरचं मडकं ठेवा. खळगा काही दिवसांत, नाहीतर पुढच्या कातीला भरतो. ओला पांढरा टिश्यू अंगावरून मानेपासून शेपटीकडे ओढा. मोहरीहून बारीक, चालणारे काळे ठिपके आले तर माइट, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे, झालेत. ते डोळ्याच्या कडेत दडतात आणि कात बिघडवतात. डोळा आत न जाता बाहेर फुगलेला, पांढुरका असेल तर खवल्याखाली पू असू शकतो, तो अनेकदा तोंडाच्या संसर्गातून वर चढतो. त्याला डॉक्टर आजच दाखवा. दोन्ही डोळ्यांचे बाजूने काढलेले फोटो, कातीचं डोकं आणि टबातल्या मीटरचा आकडा इथे टाका, मग यातलं काय ते सांगतो. तोवर टेप लावू नका.