रेशन खाऊन मजूर माजले म्हणणाऱ्यांनी आधी वीस किलोंचा हिशेब करावा

आमची सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, गेली बावीस वर्षं एक मावशी येतात. परवा दुपारी पाणी प्यायला ओसरीवर टेकल्या आणि मला म्हणाल्या, "बाळ, रेशन खाऊन आम्ही माजलोय म्हणं. आप्पांच्या मोबाईलात आलंय."

आप्पा म्हणजे माझे चुलते. भावकीच्या ग्रुपवर आलेला मेसेज त्यांनी बागेत, कामावरच्या बायकांसमोर मोठ्यानं वाचला होता. त्यात म्हटलं होतं: फुकट धान्यामुळं गोरगरीब आळशी झाले, म्हणून शेतीला मजूर मिळत नाही, रेशनच्या तांदळात प्लास्टिक मिसळतात, लोक ते धान्य विकून खातात, फुकट धान्यानं शेतकऱ्याचा भाव पडतो, म्हणून दुकानं बंद करून खात्यावर पैसे टाका. खाली 'प्रत्येक शेतकऱ्यानं पुढं पाठवा.' हा मेसेज महिन्याभरात मला चौथ्यांदा आलाय. आजवर सोडून देत होते. मावशींच्या तोंडून ऐकल्यावर सोडवेना.

आळसाचा मुद्दा आधी घेते, कारण माणसाला तोंडावर कमी लेखणारा तोच आहे.

अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा. प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, सगळ्यात गरीब घरांना दिलेल्या अंत्योदय कार्डावर घरटी ३५ किलो. पूर्वी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून तेच धान्य मोफत झालं. आता चार माणसांचं घर घ्या. धान्य वीस किलो. 'फुकट' झाल्यानं त्या घराचे महिन्याला वाचले ४० ते ६० रुपये. साठ रुपये वाचले म्हणून बाई महिनाभर घरी बसते, असं या मेसेजचं म्हणणं आहे. आप्पा, तुम्ही बागेच्या औषधाचा हिशेब पैशापैशानं ठेवता. हा हिशेब का केला नाहीत?

बरं, दुकानात घ्यायला गेलं तर तेच वीस किलो सहा-सातशे रुपयांचं होईल. आमच्याकडच्या बायकांची ती दोन दिवसांची हजेरी. राहिलेले अठ्ठावीस दिवस कशावर काढायचे? २०२२-२३ च्या सरकारी खर्च पाहणीत खेड्यातला माणूस महिन्याला साधारण साडेनऊ किलो धान्य खातो असं दिसलं. म्हणजे रेशन निम्म्यालाही जेमतेम पुरतं. तेल, गॅस, दवाखाना, पोरांची फी, बचत गटाचा हप्ता, यातलं काहीही रेशन दुकानात मिळत नाही.

मग मजूर गेले कुठं? टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचं पाणी जिथं जिथं पोचलं, तिथं ज्वारीच्या जागी ऊस आणि द्राक्षं आली. एक एकर शाळूला (रब्बी ज्वारीला) जेवढी माणसं लागतात आणि एक एकर द्राक्षाला जेवढी, यातलं अंतर बागायतदाराला मी सांगायला नको. त्यात ऑक्टोबर छाटणी सगळ्यांची मागंपुढं दोन-चार आठवड्यांत; मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी सगळ्यांनाच एका वेळी हवी. खानापूर-आटपाडीकडची पोरं तर पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात देशभर पांगलेली. ती रेशन खाऊन कट्ट्यावर बसलेली नाहीत, परराज्यात भट्टीपुढं बसलेली आहेत. आणि दिवाळीच्या सुमाराला वाळव्याच्या उसाच्या फडात बीडकडचे जे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, उतरतात, त्यांच्याकडं रेशनकार्ड नसतं का? तेच कार्ड, तेच ५ किलो. तरी नवरा-बायको पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधतात.

यावर नीट अभ्यासही झालेला आहे. अभिजित बॅनर्जी (२०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले), रेमा हॅना, गॅब्रिएल क्राइंडलर आणि बेंजामिन ओल्केन या चौघांनी २०१७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. सहा विकसनशील देशांतल्या सरकारी मदतीच्या सात योजना त्यांनी तपासल्या: मेक्सिको, होंडुरास, निकाराग्वा, फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि मोरोक्को. या योजनांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काही कुटुंबांना किंवा गावांना मदत दिली होती, काहींना नाही, आणि दोघांच्या कामाची तुलना केली होती. मदत मिळाली म्हणून लोकांनी काम कमी केलं, असा ठोस पुरावा बायकांत मिळाला नाही, पुरुषांतही नाही. तिथं धान्य नव्हतं, रोख पैसे होते, हे खरं. पण रोख हातात पडून माणूस काम सोडत नसेल, तर महिन्याच्या वीस किलो गहू-तांदळानं कसा सोडेल?

आणि हे तासगाव तालुक्यात सांगावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं. रोजगार हमीचा पहिला प्रयोग विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली याच तालुक्यातल्या विसापुरात केला. '७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात कामं निघाली, तेव्हा मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं खडी फोडायला, माती उचलायला उभी होती. त्यांची लेकरं-नातवंडं आज आपल्या बागेत कात्री धरतात.

एक गोष्ट मान्य करते. घरात चार दिवसांचं पीठ असेल, तर बाई पहिल्या हाकेला मिळेल त्या पैशात येत नाही. 'दोन बागा बघून सांगते' म्हणते. बागायतदाराला हे जड जातं, आमच्या घरालाही गेलंय. गेल्या वर्षी विरळणी आठ दिवस उशिरा झाली. पण याला भाव ठरवणं म्हणतात. बेदाण्याचा भाव पडला की आपणही माल शीतगृहात ठेवतोच की.

प्लास्टिकच्या तांदळाचं सांगते, कारण मावशी रेशनच्या तांदळातले वेगळे दिसणारे दाणे प्लास्टिकचे समजून निवडून टाकत होत्या. ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात. त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून यंत्रानं दाण्याचा आकार देतात आणि शंभर दाण्यांना एक या प्रमाणात ते रेशनच्या तांदळात मिसळले गेले. रंग थोडा वेगळा दिसतो, काही पाण्यावर तरंगतात. ज्या बायकांच्या अंगात रक्त कमी म्हणून हे सुरू केलं, त्यांनीच ते वेचून टाकावेत, हे या मेसेजनं केलेलं नुकसान. याची भरपाई कोण करणार?

धान्य विकतात, होय, काही विकतात. बंगला आणि गाडी असलेल्यांकडंही पिवळी-केशरी कार्डं आहेत, खेड्यात प्राधान्य गटासाठी उत्पन्नाची अट वर्षाला ४४,००० रुपयांची असताना. ती कार्डं जरूर रद्द करा. त्यासाठी मावशींचं कशाला?

शेतमालाच्या भावाचं म्हणाल, तर आमच्या द्राक्षाचा, हळदीचा, उसाचा रेशनशी काही संबंध नाही. शाळूवाल्यांचं म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. दोन-तीन रुपयांना गहू-तांदूळ मिळू लागल्यावर जत-आटपाडीच्या घरातही भाकरी कमी झाली. कायद्यात भरडधान्य १ रुपया किलोनं द्यायची सोय होती. आपल्याकडची ज्वारी विकत घेऊन आपल्याच दुकानात द्या, ही मागणी करायला हवी होती. ती या मेसेजमध्ये एका ओळीनंही नाही.

राहता राहिले खात्यावर पैसे. झारखंडात रांचीजवळ नगडी इथं २०१७ साली हे करून पाहिलं. पैसे आलेत का बघायला बँकेत हेलपाटे, मग काढायला, मग दुकानात. लोक रस्त्यावर उतरले आणि २०१८ मध्ये सरकारनं प्रयोग गुंडाळला.

आप्पांना हे सगळं काल रात्री फोनवर सांगितलं. ऐकून घेतलं, पण मेसेज अजून ग्रुपवर तसाच आहे. मावशी सोमवारपासून शेजारच्या गावच्या बागेत जाणार आहेत. तिथं हजेरी पन्नास रुपये जास्त आहे आणि सकाळी न्यायला गाडी येते.