पंक्तिभेद, मुक्काम ॲरिझोना

परवा आईसोबत 'स्टेजकोच' पाहिला. जॉन फोर्डचा, १९३९ सालचा, कृष्णधवल. घोडे, बंदुका, धुरळा म्हणून आई आधी नाक मुरडत होती. पण जेवणाचा प्रसंग आला आणि ती सावरून बसली.

प्रवाशांची घोडागाडी (तीच 'स्टेजकोच') वाटेतल्या ठाण्यावर थांबलेली. एकच लांबलचक टेबल. तुरुंगातून पळालेला रिंगो, म्हणजे जॉन वेन, डॅलसला आदबीने खुर्ची देतो. डॅलस वेश्या. (हा शब्द सिनेमाभर कुणी उच्चारत नाही, १९३४पासून हॉलिवूडची सेन्सॉरसंहिता कडक झाली होती.) गावातल्या सोवळ्या बायकांच्या मंडळाने तिला हाकललेलं असतं. समोर लष्करी अधिकाऱ्याची गरोदर बायको ल्यूसी. ती नुसती बघते. शेजारचा खानदानी जुगारी तिला सुचवतो, खिडकीपाशी गार आहे. आणि ती उठून पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसते.

"अरे, हा तर चक्क पंक्तिभेद!" आई म्हणाली.

रिंगो बिचारा समजतो, आपण कैदी म्हणून उठले हे. पुढे गाडीत पाणी देतानाही तेच. ल्यूसीसाठी चांदीचा पेला निघतो, डॅलसची पाळी आली की पेला परत खिशात.

जुने वेस्टर्न म्हणजे कुटुंब, धर्म, मर्दानगी यांचं कीर्तन, असं आपण सर्रास म्हणतो. इथे मात्र अब्रूदार म्हणवणाऱ्यांचीच अब्रू निघते. सरकारने धंद्यात ढवळाढवळ करू नये म्हणून गाडीभर तोंड वाजवणारा बँकवाला स्वतः बँकेचेच पैसे बॅगेत भरून निघालाय, आणि डॅलसला हाकलणाऱ्या मंडळाची पुढारीण त्याचीच बायको! ल्यूसीचं बाळंतपण निभावतात ते दारुडा डॉक्टर आणि डॅलस. रात्रभर जागून बाळ सांभाळते तीही डॅलसच. शेवटच्या मुक्कामाला, लॉर्ड्सबर्गला, निरोप घेताना ल्यूसी म्हणते, "तुमच्यासाठी मला कधी काही करता आलं तर..." वाक्य अर्धंच राहतं. डॅलस म्हणते, ठाऊक आहे मला. मला तो अर्धवटपणा फार खरा वाटला. मनातून ओशाळली तरी ल्यूसी तिला घरी थोडीच बोलावणार होती?

पण फोर्डची ही माया गाडीच्या दारापर्यंतच. बाहेरच्या अपाचींना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातीला, तो टेबलाच्या त्या टोकालाही बसवत नाही. काही चित्रीकरण मॉन्युमेंट व्हॅलीत, नवाहो या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीच्या भूमीवर. अपाचींच्या भूमिकेत दिसणारे अनेकजणही नवाहोच. अपाचींचा म्होरक्या जेरोनिमो, त्याच्या नावाने पहिल्यापासून सगळ्यांची गाळण उडते, पण त्याचं म्हणणं काय ते कुणी सांगत नाही. एक अपाची बाई आहे, वाटेतलं एक ठाणं सांभाळणाऱ्याची बायको. ती स्पॅनिशमध्ये गाणं म्हणते आणि रात्रीतून निघून जाते. नवऱ्याला दुःख होतं ते तिच्यासोबत गेलेल्या घोडीचं. बायको काय, दुसरी मिळेल म्हणतो.

इथे आम्ही दोघंही हसलो. मग आईने विचारलं, "पण ती पळाली कशामुळे?"

मी पुन्हा मागे नेऊन पाहिलं. तिला तेवढं बोलायला एक वाक्यही दिलेलं नाही.