धुऱ्यापलीकडची पऱ्हाटी

ॲरिझोनात आल्यावर पहिल्याच हंगामात फिनिक्सच्या दक्षिणेला फुटलेल्या कपाशीचं रान दिसलं आणि मी गाडी थांबवली. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, कापसाचं. शेतकरी भेटला, त्याला मी पहिलं विचारलं, गुलाबी बोंडअळी किती येते? तो म्हणाला, आता येतच नाही.

खरंच येत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं ही अळी तिथल्या कापूसपट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. त्याच्या आदल्याच वर्षी माहेरी कापूस करणाऱ्या दादानं व्हिडिओ कॉलवर बोंड फोडून दाखवलं होतं. बाहेरून हिरवंगार, डाग नाही. आत एका कप्प्यात अळी वळवळत होती, सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडून कवडी झालेला. बियाणं बीजी-टूचंच होतं, म्हणजे बोंडअळीला मारणारं बीटी जनुक घातलेलं, आणि पक्क्या पावतीचं. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली.

अळी तीच, बीटीचं जनुकही तेच. मग असं का झालं?

इथे १९९६ ला बीटी कापूस आला तेव्हापासून शेताचा काही भाग साध्या कपाशीचा ठेवण्याची सक्ती होती आणि ती पाळली गेली. बीटी पचवणारी एखादी अळी निघालीच, तर तिचा पतंग साध्या कपाशीवरच्या पतंगांशी जुळावा आणि तिची ताकद पुढच्या पिढीत उतरू नये, हा त्यामागचा हिशेब. २००६ पासून ती सक्ती उठवून किरणोत्सारानं नपुंसक केलेले अब्जावधी पतंग विमानातून शेतांवर सोडले. वेचणी झाली की ठरलेल्या तारखेआत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उरलेली झाडं, गाडायची. खर्चात शेतकऱ्यांचाही वाटा होता.

आपल्याकडे २००२ साली बीटीला परवानगी मिळाली तेव्हा कागदावर साध्या कपाशीच्या ‘आश्रयाच्या ओळीं’चा नियम होताच. पाकिटासोबत नॉन-बीटीची वेगळी पुडी यायची. ती बहुतेकांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर फेकली, दादानंही. दोन-तीन एकरवाल्यानं शेताचा पाचवा हिस्सा अळीला का सोडावा, याचं उत्तर त्याला कुणी दिलं नाही आणि त्या हिश्श्याची भरपाईही नाही. वर लांब मुदतीचे संकरित वाण, आणि ओलिताची सोय असली की फेब्रुवारीपर्यंत फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तीच झाडं राखून घेतलेलं पीक. अळीला हंगाम सरल्यावरही घर मिळालं.

म्हणून महाराष्ट्रातला वाद इथून वाचताना माझा जीव तुटतो. एक बाजू म्हणते जीएम, म्हणजे जनुक बदललेलं पीक, हे विष आहे, दुसरी म्हणते सरकारनं तंत्रज्ञान अडवलं म्हणून शेतकरी बुडाला. मला दोन्ही पटत नाहीत. इथे मका आणि सोयाबीनचं नव्वद टक्क्यांच्या वर क्षेत्र जीएम आहे, २०२२ पासून बऱ्याच पदार्थांच्या पाकिटावर ते कळवणंही सक्तीचं आहे. त्यामुळे मला निदान कळतं, घ्यायचं की नाही ते मी ठरवते. गावात मात्र एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारं, मान्यता नसलेलं बियाणं, ज्याला सगळे चोर बीटी म्हणतात ते, दरवर्षी येतं. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं ते उघडपणे पेरलं. त्या आंदोलनामागचा राग समजण्यासारखा आहे. दादा म्हणतो, ‘निंदाले बाया भेटत नाही, भेटल्या तं मजुरी परवडत नाही. मंग काय करू?’

पण चोर बीटीची पावती नसते. उगवलं नाही तर तक्रार कुणाकडे करणार? त्यात कोणतं जनुक आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मान्यता द्यायची तर तपासून द्या, नाही म्हणायचं तर निंदणाच्या मजुरीचं काहीतरी करा. सगळं माहीत असून डोळेझाक करणं हा सगळ्यात महाग पर्याय आहे आणि त्याची किंमत शेतकरी एकटाच मोजतोय.

ॲरिझोनाचं सगळं उचलून यवतमाळात नेता येणार नाही. इथली शेतं शेकडो एकरांची, ओलिताची, विम्याचं कवच असलेली. पण एक गोष्ट नेता येईल: गावानं मिळून एकाच तारखेला कपाशी काढणं. मागच्या डिसेंबरात मी दादाच्या मागेच लागले, फरदड ठेवू नकोस. त्यानं ऐकलं, पऱ्हाटी उपटली. महिन्याभरानं फोन केला तर कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, पतंग मोजत होता.

‘म्या काढली वं,’ तो म्हणाला, ‘पन धुऱ्यापलीकडं उभीच हाय.’