रुंद टायर टाकल्यावर गाडी ओढते? नुसत्या अलाइनमेंटने भागत नाही

सोलापुरातल्या कारवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: रुंद अलॉय आणि टायर टाकल्यावर गाडी ओढू लागली तर अलाइनमेंट करा, स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं), उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर रुंदीचा प्रश्नच येत नाही. यावर विसंबून लोक पैसे घालवतायत आणि तशाच गाड्या घेऊन पुण्या-हैदराबादला निघतायत, म्हणून हे लिहितोय.

आधी अलाइनमेंट. मशीन चाकांचे कोन दाखवतं, बस्स. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा टो (वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली दिसतात तो कोन) तेवढा टाय रॉडवर, म्हणजे स्टिअरिंग चाकाशी जोडणाऱ्या दांड्यावर, लावता येतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) यांचे आकडे स्क्रीनवर दिसतात, पण ते बदलायची सोय सहसा नसते. त्यामुळे रिपोर्टवर सगळं हिरवं असूनही गाडी एका बाजूला जाऊ शकते. कायम एकाच बाजूला जात असेल तर पुढची दोन चाकं आपसात बदलून बघा. ओढ उलट्या बाजूला गेली, तर दोष टायरचा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर मात्र त्याच बाजूचं मागचं चाक पुढे घ्या.

कधी डावीकडे, कधी उजवीकडे पळत असेल तर मामला वेगळा. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, डांबर मऊ पडतं आणि ट्रकच्या लेनमध्ये चाकोऱ्या उमटतात. रुंद, कमी उंचीच्या कडक टायरची कड त्या चाकोरीला धरून चालते. बिघडलेल्या टोमुळे हे वाढतं, पण टो सरळ केला म्हणून टायर अरुंद होत नाही. सपाट, नव्या रस्त्यावर तीच गाडी सरळ धावली, की उत्तर मिळालं.

मेसेजमध्ये ऑफसेटचा, म्हणजे चाकाचा मध्य आणि चाक गाडीला टेकतं ती बाजू यांतल्या अंतराचा, तर उल्लेखच नाही, आणि माझ्या मते तीच मोठी चूक आहे. अलॉयच्या आतल्या बाजूला तो मिलिमीटरमध्ये ईटी (ET) म्हणून कोरलेला असतो. मूळ चाक ईटी 45 आणि नवं ईटी 35 असेल, तर चाकाचा मध्य 10 मिमी बाहेर येतो. मग एका चाकाला खड्डा लागला किंवा कचकन ब्रेक दाबला की झटका थेट हातात येतो. स्पेसर (चाकामागे बसवायची चकती) टाकला तर चाक आणखी बाहेर जातं.

आता थरथर. स्विफ्ट, बलेनोच्या हबचं (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागाचं) माप 54.1 मिमी आहे. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं मधलं भोक 67.1 किंवा 73.1 असतं. मधली फट हब रिंगने (त्या फटीत बसणाऱ्या कड्याने) भरली नाही, तर चाक फक्त नटांवर तोललं जातं आणि केसभर बाजूला बसू शकतं. बॅलन्सिंग मशीनवर चाक स्वतःच्या भोकावर केंद्रित होतं, म्हणून तिथे शून्य येतं. गाडीवर चढवलं की ऐंशी-नव्वदला पुन्हा थरथर. चाक काढा, हबवरचा गंज घासा, नेमक्या मापाची रिंग घाला आणि गाडी जॅकवर असतानाच नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

हवा कमी ठेवण्याचा सल्ला सरळ धोक्याचा आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटण्याची भीती वाढते. स्टिअरिंगही जड होतं. दारापाशी कंपनीचा स्टिकर असतो. तिथून सुरुवात करा, टायरचं माप बदललं असेल तर त्याच्या लोड इंडेक्सप्रमाणे (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा त्यावरचा आकडा) आकडा ठरवा आणि हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.

पॉवर स्टिअरिंग हाताचा जोर वाचवतं. ओढ, झटका, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर लायनरला (चाकावरच्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणाला) घासणं, यातलं काहीच ते थांबवत नाही. उलट जोर कमी लागल्यामुळे बिघाड उशिरा लक्षात येतो.

एक विनंती: जुनी चाकं त्याच दिवशी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका. तक्रार आली की तीच परत चढवून, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवून बघा. तक्रार गेली तर नव्या चाक-टायरमध्ये शोधा. राहिली तर टाय रॉड एंड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि बेअरिंग हलवून बघायला मेकॅनिकला सांगा. त्यांत प्ले (ढिलेपणा) असेल तर आधी ते बदला आणि अलाइनमेंट त्यानंतर करा.