टीजेची परीक्षा आणि अमरावतीचं नवोदय

अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या नॉर्दर्न व्हर्जिनियातल्या मराठी घरांत मूल सहावीत गेलं की टीजेचा विषय निघतोच. इतरांसाठी सांगतो : थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी, फेअरफॅक्स काउंटीची (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाची) नववीपासूनची, प्रवेशासाठी चुरस असलेली सरकारी शाळा. २०२० पर्यंत इथे प्रवेश परीक्षा होती. त्या वर्षी काउंटीच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल बोर्डाने ती रद्द केली, अर्जाची १०० डॉलर फीही काढली आणि प्रत्येक सरकारी मिडल स्कूलला (आठवीपर्यंतच्या शाळेला) तिथल्या आठवीच्या पटाच्या १.५ टक्के जागा राखून दिल्या. निवड आता मार्क, निबंध आणि मुलाची परिस्थिती बघून होते.

पहिल्याच वर्षी निवड झालेल्यांतली एशियन मुलं (यात आपली भारतीयही आली) ७३ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर आली. झालं! 'मेरिट मेलं' म्हणून आपले सगळे ग्रुप पेटले. पालक कोर्टात गेले. २०२२ मध्ये खालच्या कोर्टात जिंकले, २०२३ मध्ये अपिलात हरले आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

पण त्याच अपिलाच्या निकालपत्रातला एक आकडा कुणी फॉरवर्ड करत नाही. परीक्षेच्या शेवटच्या वर्षी गरीब घरातलं एशियन मूल टीजेला निवडलं गेलं ते फक्त एक. पुढच्या वर्षी ५१. एशियनच बरं का! म्हणजे जागा गेल्या त्यातल्या काही आपल्यासारख्या आयटीवाल्यांच्या घरातून गेल्या आणि आपल्याच रंगाच्या, पण शाळेत फुकट जेवण मिळणाऱ्या मुलांकडे आल्या. ही मुलं आधी हुशार नव्हती का? होती. त्यांच्या घरात दोन-दोन वर्षं शनिवारच्या क्लासची फी भरायची ऐपत नव्हती, आणि टीजेत मुलं पाठवणाऱ्या मोजक्या नावाजलेल्या मिडल स्कूलच्या हद्दीत घर घ्यायचीही नव्हती.

म्हणून बोर्डाचं सगळं बरोबर, असं माझं म्हणणं नाही. परीक्षा काढणं मला पटलेलं नाही. तेरा वर्षांच्या मुलाच्या निबंधाला कोण किती गुण देतं हे पालकाला कळत नाही, आणि पैसेवाल्या घरात निबंध शिकवणारेही भाड्याने मिळतात. शिवाय या सगळ्यात एशियनविरोधी सूर आहे, असं बोर्डाच्या सदस्यांनीच एकमेकांना मेसेज करून म्हटलं होतं आणि ते कोर्टासमोर आलं. पालकांचा संताप उगाच नव्हता.

मात्र गावाकडच्या हुशार मुलांना वेगळी वाट दिली की दर्जा घसरतो, हे मराठी माणसाने तरी म्हणू नये. टीजे १९८५ चं. नवोदय, म्हणजे गावाकडच्या हुशार मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या निवासी शाळा. त्या प्रयोगाची पहिली दोन विद्यालयं १९८५-८६ मध्येच निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. नवोदयला परीक्षा आहे, कडक आहे आणि ती मराठीतून देता येते. पण मूल स्पर्धा करतं ते आपल्याच जिल्ह्यातल्या मुलांशी, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. गडचिरोलीच्या पोराला पुण्याच्या पोराशी झुंजावं लागत नाही. (नवोदयचेही क्लास तालुक्याच्या गावी निघालेत, हे माहीत आहे. क्लासवाले कुठेही पोचतात.) तिथल्या मुलाला 'मेरिट नसलेलं' म्हणायची कुणाची छाती होत नाही.

मग टीजेत हे का जमू नये? शाळावार १.५ टक्के जागा तशाच ठेवा. परीक्षा परत आणा, पण फुकट, प्रत्येक मिडल स्कूलमध्ये, शाळेच्याच वेळेत, आणि आठवीतल्या प्रत्येक मुलाला बसवा; अर्ज कुणी भरला ते बघू नका. गुण जाहीर करा. प्रत्येक शाळेतली वरची मुलं घ्या, उरलेल्या जागा काउंटीभरच्या गुणांवर भरा. ज्यांना नुसत्या गुणांवर विश्वास आहे त्यांना उरलेल्या जागा आहेतच की.

यावर एका मित्राने आक्षेप काढला : अशाने लोक मुद्दाम कमी चुरशीच्या शाळेच्या हद्दीत घर घेतील. घेऊ देत! त्या शाळांच्या पालकसभेला कटकट करणारे चार इंजिनियर आईबाप मिळाले, तर तिथल्या मुख्याध्यापकांना ते हवेच असतील.