लस घेतलेल्यांनाच गोवर होतो? कितीपैकी?

भावकीचा ग्रुप मी एरवी म्यूट करून ठेवते. पण मागच्या आठवड्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाने, एक लांबलचक मेसेज टाकला आणि त्यांची नात आता नऊ महिन्यांची होतेय, म्हणजे या लसीच्या पहिल्या डोसची वेळ आली. म्हणून हे लिहायला बसले.

मेसेजचा मथितार्थ असा: गोवर-रुबेलाची लस टोचून घेऊ नका. लस घेतलेल्यांनाच गोवर होतो. लसीने मुलं ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न होतात, हे अमेरिकेत सिद्ध झालंय. तिच्यात पारा असतो. मुलींना पुढे मूल होत नाही. दुष्परिणाम दडपले जातात. आणि गोवर म्हणजे तरी काय, चार दिवसांचा ताप, उलट अंग कणखर होतं. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

"लस घेतलेल्यांनाच गोवर होतो." यातला 'च' तेवढा खोटा आहे, बाकी वाक्य खरं आहे. दोन डोस घेतलेल्या शंभरातल्या साधारण 97 जणांना संरक्षण मिळतं, तिघांना मिळत नाही. आता चौथीच्या मुलांना घालते तसं गणित घालते. एका गावात 1,000 मुलं. 950 जणांचे दोन्ही डोस झालेत, 50 जणांचा एकही नाही. गोवर इतका चिकट रोग की घरात एकाला झाला तर संरक्षण नसलेल्या दहातल्या नऊ जणांना गाठतो. साथ गावभर फिरली असं धरू. लस न घेतलेल्या 50 पैकी 45 आजारी. घेतलेल्या 950 पैकी सुमारे 26. एकूण 71 रुग्ण, त्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लसवाले! आता लसीकरण वाढवू. 990 जणांनी घेतली, 10 राहिले. न घेतलेल्यांपैकी 9 आजारी, घेतलेल्यांपैकी 27. रुग्ण 36, आणि चारातले तीन लसवाले. मेसेज लिहिणारा इथेच थांबतो आणि टाळी वाजवतो. पण रुग्ण 71 वरून 36 वर आले ना? कुणीच लस घेतली नसती तर 900 झाले असते. दवाखान्यातली मुलं मोजून उत्तर निघत नाही, ती कितीपैकी आली ते विचारावं लागतं. बाकीच्या मुद्द्यांनाही मी हाच प्रश्न लावून पाहिला.

ऑटिझम. 'अमेरिकेत सिद्ध झालं' हे तर भूगोलातच चुकलंय. ही गोष्ट लंडनची. 1998 साली अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरने 'द लॅन्सेट' या नियतकालिकात निबंध छापला. किती मुलांवर? 12. तुलनेला लस न घेतलेली मुलं? एकही नाही. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने खणून काढलं की लसकंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफील्डना पैसे मिळत होते आणि निबंधातली मुलांची माहितीही त्यांच्या वैद्यकीय नोंदींशी जुळत नव्हती. 2010 मध्ये लॅन्सेटने तो निबंध मागे घेतला, त्याच वर्षी वेकफील्डचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदणीतून काढलं गेलं. दुसऱ्या बाजूला डेन्मार्क: 6,57,461 मुलं, वर्षानुवर्षं पाठपुरावा, 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध. लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत ऑटिझमचं प्रमाण तपासलं, लस घेतलेल्यांत ते जास्त निघालं नाही.

तरीही मी या मुद्द्याला हसत नाही. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. त्याची आई अजूनही दुसऱ्या टोचणीला बोल लावते. बोलणं थांबलं, नजरेला नजर देईना, हे तिच्या लक्षात आलं दीड वर्षाच्या सुमारास, आणि दुसरा डोस असतो सोळा ते चोवीस महिन्यांत. दोन्ही गोष्टी एकाच हंगामात येतात. तिला जे दिसलं ते खोटं नव्हतं, पण एकापाठोपाठ येणं म्हणजे एकामुळे दुसरं होणं नव्हे.

पाऱ्याचा मुद्दा झटपट संपतो. गोवर-रुबेलाची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची असते. थायोमर्सल हे पारायुक्त द्रव्य त्यात घातलं तर लसच मरेल, म्हणून ते घालतच नाहीत. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्यात मोहीम झाली तेव्हा आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी हे जवळून पाहिलं. सिस्टरने कुपीतल्या भुकटीत द्रावण मिसळलं की लगेच कुपीवर वेळ लिहायची. चार तास उलटले की उरलेली लस बाद. आमचे शिपाईमामा कुरकुरले, "एवढं औषध फेकून देता?" टिकवणारं काही त्यात नव्हतं, म्हणूनच फेकावं लागत होतं. थायोमर्सल असतं ते पेंटाव्हॅलंटसारख्या (पाच रोगांवरची एकत्र लस) दुसऱ्या लसींच्या अनेक डोसांच्या कुप्यांत, अत्यल्प. तो पाऱ्याचा एथिल प्रकार, माशांतून येणाऱ्या मिथिल प्रकारापेक्षा कितीतरी लवकर शरीराबाहेर जातो.

त्याच दिवशीची दुसरी गोष्ट. सातवीतली एक मुलगी रांगेतच, सुई टोचायच्या आधी, चक्कर येऊन पडली. सकाळपासून उपाशी होती, पुढच्या मुलांचं रडणं ऐकून घाबरली. पाणी दिलं, आडवं केलं, दहा मिनिटांत बिस्किटं खात बसली. दुपारपर्यंत पलीकडच्या वस्तीवर बातमी: शाळेत पोरगी दगावली. संध्याकाळी तीत भर पडली, की वाचलेल्या पोरींना मूल होणार नाही. दुसऱ्या दिवशी पटावरच्या 46 पैकी 19 मुलं घरी. पहिल्या दिवशी टोचलेली पोरं मात्र अंगठ्यावरची मार्करची खूण मिरवत आली होती.

वांझपणाची अफवा तर शुद्ध उलटी आहे. 1941 मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे एकाएकी मोतीबिंदू घेऊन जन्मलेली बाळं येऊ लागली. त्यांच्या आयांना विचारल्यावर कळलं, गरोदरपणाच्या सुरुवातीला त्यांना रुबेला झाला होता. गर्भपात, मृत बाळ, बहिरेपण, हृदयदोष हे सगळं रुबेलाचं देणं. लस त्यासाठीच.

'साधा ताप' म्हणणाऱ्यांनी 2022 ची मुंबईतली गोवंडी आठवावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे चिमुकली मुलं गेली. शेवटी साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या तान्ह्यांनाही जादा डोस द्यायचं ठरलं. जगात 2023 मध्ये गोवराने लाखाहून अधिक बळी घेतल्याचा अंदाज आहे. आणि अंग कणखर होण्याचं म्हणाल, तर नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं गेलं. आधीच्या आजारांविरुद्ध जमवलेल्या प्रतिपिंडांपैकी (अँटिबॉडीज) 11 ते 73 टक्के नाहीशी झाली होती. निंबाच्या पाल्यावर निजवलेलं पोर गोवरातून उठायचं आणि महिन्या-दोन महिन्यांत न्यूमोनियाने जायचं. तेव्हा गोवराला कुणी दोष देत नसे.

दुष्परिणाम दडपतात? अमेरिकेत ऑगस्ट 1998 मध्ये रोटाशील्ड ही रोटाव्हायरसची, म्हणजे बाळांना जुलाब लावणाऱ्या विषाणूवरची लस मंजूर झाली. सुमारे दहा हजारांत एका बाळाच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात घुसून अडतो असं लक्षात आलं आणि ऑक्टोबर 1999 मध्ये ती बाजारातून गेली. तिच्यानंतरच्या दोन रोटा लसींची चाचणी प्रत्येकी 60,000 हून अधिक बाळांवर झाली. यंत्रणेवर आंधळा विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही, पण दहा हजारांतलं एक सापडतं, तिथे लाखो मुलांचा ऑटिझम लपून राहील कसा?

खरं सांगायचं तर डोस चुकायला अशा मेसेजपेक्षा मोठी कारणं आहेत. माझ्या त्या 46 पैकी सहा मुलं मोहिमेच्या वेळी ऊसतोडीला गेली होती. त्यांच्या आईबापांनी नकार दिलाच नव्हता, त्यांना कुणी विचारायलाच पोचलं नव्हतं.

एवढं सगळं मी अण्णांना फोनवर ऐकवलं. ते गप्प होते. मग म्हणाले, "ते सगळं असू दे गं. टोचल्यावर ताप येतो का, ते सांग."

येतो, अण्णा. बहुतेक त्याच दिवशी नाही, पाच ते बारा दिवसांनी. थोडं पुरळही उठू शकतं. तापाची झटकी क्वचित येते, तीव्र अ‍ॅलर्जी लाखोंत एखाद्याला, म्हणून टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. तापाचं औषध किती द्यायचं ते सिस्टरला वजन सांगून विचारा, आणि येताना बाळाचं कार्ड विसरू नका.